ओहायोतलं शालेय फुटबॉल : डिव्हिजन, प्लेऑफ आणि ‘कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स’ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलंबसच्या उपनगरांतल्या मराठी घरांमधली मुलं पूर्वी शुक्रवारी रात्री मार्चिंग बँडमध्ये दिसायची. आता मैदानातही दिसतात. माझा मुलगा चार वर्षं इथल्या एका पब्लिक हायस्कूलच्या संघात लाइनवर, म्हणजे सर्वात पुढच्या फळीत, खेळला. त्या चार वर्षांत शेजारच्या पालकांनी, नव्याने आलेल्या कुटुंबांनी आणि पुण्याहून आलेल्या माझ्या वडिलांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे घेतले आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

हे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचं ना?

नाही. ते इथे सॉकर. हे हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून, अंगावर अंग घालून खेळायचं अमेरिकन फुटबॉल. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. मोसम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, दहा साखळी सामने होतात आणि मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. अंतिम सामने कँटन शहरात, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमला लागून असलेल्या स्टेडियममध्ये होतात.

एकच राज्य, एकच खेळ. मग सगळ्या शाळांची एकच स्पर्धा का नाही?

माझ्या वडिलांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं : “म्हणजे कुस्तीतले वजनी गट.” अगदी तेच. फक्त इथे पैलवानाचं नाही, शाळेचं वजन करतात.

फुटबॉलमध्ये हे वजन दुसऱ्या कुठल्याही खेळापेक्षा जास्त जाणवतं. मैदानात एका वेळी अकरा जण असले तरी चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे आणि किकच्या वेळचे आणखी वेगळे. मोठ्या शाळेकडे ऐंशी-नव्वद मुलं असतात. तिथे चढाई संपली की मुलगा बाकावर बसतो, पाणी पितो, प्रशिक्षकाशी बोलतो. छोट्या शाळेत पंचवीस-तीस मुलं असतात आणि तीच दोन्हीकडे खेळतात. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्यांचे पाय जड होतात. समोरून ताज्या दमाचा, वीस-तीस पौंड जास्त वजनाचा मुलगा धावत येतो. दमलेला मुलगा डोकं खाली घालून भिडतो आणि दुखापती तिथेच होतात. त्यामुळे गट पाडण्याचा प्रश्न मला चषकाचा कमी आणि पोरांच्या अंगाचा जास्त वाटतो.

बास्केटबॉलमध्ये पाच चांगली मुलं पुरतात. शेजारच्या इंडियानात १९५४ साली मायलन नावाच्या गावातल्या, जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने अख्ख्या राज्याची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली, आणि ती गोष्ट तिथे आजही सांगतात. फुटबॉलमध्ये असं घडणं जवळपास अशक्य आहे.

ओहायोत गट कसे ठरतात?

पटावरून. नववी ते अकरावीच्या वर्गांतल्या मुलग्यांची संख्या मोजतात. ही मूळ संख्या दोन वर्षांसाठी धरली जाते. फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे ७०० शाळा उतरत्या क्रमाने लावून त्यांचे सात डिव्हिजन पाडतात. डिव्हिजन एक म्हणजे सर्वात मोठ्या शाळा, डिव्हिजन सात म्हणजे सर्वात छोट्या.

हे सात एकदम झाले नाहीत. १९७२ पर्यंत राज्यविजेता मैदानात ठरतच नसे. वृत्तसंस्थांच्या मतदानात जो पहिला, तो विजेता. त्या वर्षी ओहायो हायस्कूल अ‍ॅथलेटिक असोसिएशनने प्लेऑफ सुरू केले, तेव्हा तीन गट होते आणि प्रत्येक गटातून फक्त चार संघ. पुढे गट वाढत गेले. सातवा आला २०१३ मध्ये, आणि तो आणण्यामागचं कारण पटण्यासारखं होतं. तोपर्यंत पहिल्या गटातल्या सर्वात मोठ्या शाळेचा पट त्याच गटातल्या सर्वात लहान शाळेच्या कितीतरी पट असायचा. म्हणून राज्यातल्या सर्वात मोठ्या बहात्तर शाळा वेगळ्या काढल्या आणि बाकीच्यांचे सहा सारखे भाग केले.

शेजारच्या दोन उपनगरांची लोकवस्ती साधारण सारखी. मग शाळांचे आकडे इतके वेगळे कसे?

शहराने किती हायस्कुलं बांधली यावर ते अवलंबून असतं. डब्लिनमध्ये तीन हायस्कुलं आहेत, ओलेन्टॅन्जीत चार. सिनसिनाटीजवळच्या मेसनने मात्र एकच प्रचंड हायस्कूल ठेवलं आहे. नवीन शाळा उघडली की जुन्या शाळेचा पट घटतो आणि तिचा संघ खालच्या गटात येऊ शकतो. अर्थात शाळा बांधताना फुटबॉलचा विचार कोणी करत नाही. वर्ग पुरत नाहीत म्हणून शाळा बांधतात, फुटबॉलवर परिणाम आपोआप होतो.

प्लेऑफमध्ये कोण जाणार हे कोण ठरवतं?

कोणी माणूस नाही, एक हिशोब. जॅक हार्बिन यांच्या नावावरून त्याला हार्बिन पॉइंट्स म्हणतात आणि १९७२ पासून तोच चालतो. तुम्ही सामना जिंकलात की हरलेल्या संघाच्या डिव्हिजनप्रमाणे गुण मिळतात. मोठ्या गटातल्या संघाला हरवलं तर जास्त. शिवाय तुम्ही ज्यांना हरवलंत ते संघ मोसमात जे सामने जिंकतात, त्यांचेही गुण तुम्हाला मिळतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये इथले पालक, आपण ऑगस्टमध्ये ज्याला हरवलं तो संघ जिंकावा म्हणून जीव टांगून बसलेले असतात. मीही बसलो आहे.

किती फरकाने जिंकलात याला या हिशोबात काहीच किंमत नाही आणि ते योग्यच आहे. नाहीतर दुबळ्या संघावर गुण चढवत बसण्याचा मोह झाला असता. उत्तरार्धात तीस गुणांची आघाडी झाली की घड्याळ न थांबता पळू लागतं, तो नियमही त्याच भावनेतला.

पट सारखा असला की झालं. मग हे ‘कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स’, म्हणजे स्पर्धेतल्या समतोलाचं सूत्र, कशासाठी?

कारण चारशे मुलग्यांची एक शाळा आणि चारशे मुलग्यांची दुसरी शाळा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं.

एका शेतकरी तालुक्यातली पब्लिक शाळा घ्या. (इथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी कराच्या पैशावर चालणारी, आपल्याकडच्या ‘पब्लिक स्कूल’सारखी खासगी नव्हे.) तिची हद्द ठरलेली असते. त्या हद्दीत जी मुलं जन्मली, वाढली, ती तिची. एखाद्या वर्षी धिप्पाड मुलं निघतील, पुढच्या वर्षी निघणार नाहीत. आता मोठ्या शहरातली खासगी शाळा घ्या. तिला हद्द नाही. तीस मैलांवरून मुलगा येऊ शकतो. तिच्याकडे येणारी मुलं आधीच निवडून आलेली असतात. काही अभ्यासासाठी, काही धर्मासाठी, आणि काही खेळासाठी. पटाच्या कागदावर मात्र दोघींसमोर एकच आकडा.

निकालातही हे दिसत होतं. क्लीव्हलँडच्या सेंट इग्नेशियसने १९८८ ते २०११ या काळात सर्वात मोठ्या गटाची अकरा जेतेपदं घेतली. त्याआधी सिनसिनाटीच्या मोलरने १९७५ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सात घेतली होती. दोन्ही कॅथलिक मुलांच्या शाळा. लहान गटांमध्येही अशीच कुरकुर होती आणि ती कुरकुर मोठ्या शहरांतून नाही, छोट्या गावांतल्या मुख्याध्यापकांकडून आली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा नुसता खासगी-सरकारी वाद नाही. ओहायोतल्या अनेक सरकारी शाळा ‘ओपन एन्रोलमेंट’खाली दुसऱ्या हद्दीतली मुलं घेतात. म्हणजे सरकारी शाळेच्या संघातही बाहेरून आलेली दहा-पंधरा मुलं असू शकतात. खासगी शाळेकडे बोट दाखवताना हे विसरलं जातं.

मग नियम झाला कसा?

मतदानाने आणि खूप उशिरा. इथे नियम बदलायचा तर सदस्य शाळांचे मुख्याध्यापक मे महिन्यात मत देतात. खासगी शाळांची स्पर्धाच वेगळी करावी हा ठराव १९७८ मध्ये पडला, १९९३ मध्ये पुन्हा पडला. त्यानंतर समतोलाचं सूत्र आणायचा प्रस्ताव २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं थोडक्या मतांनी हरला. दर वर्षी मसुदा बदलत गेला. आधीच्या मसुद्यांत शाळेचं पूर्वीचं यश, गरीब विद्यार्थ्यांचं प्रमाण असे घटक होते. २०१४ मध्ये ते सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न उरला : हा खेळाडू कुठून आला? तो प्रस्ताव मंजूर झाला आणि २०१७ च्या मोसमापासून लागू झाला.

प्रत्यक्ष हिशोब कसा करतात?

संघातल्या प्रत्येक मुलाचं नाव घेऊन. मला या नियमातली हीच गोष्ट सर्वात आवडते. शाळेवर शिक्का मारलेला नाही, मुलं मोजली आहेत.

प्रत्येक खेळाडूला शून्य, एक किंवा दोन अशी पायरी मिळते. पब्लिक शाळेत साधारणपणे सातवीपासून जो त्याच हद्दीत राहतो, त्याच व्यवस्थेत शिकतो, तो शून्य. खासगी शाळेत सातवीपासून तिच्या नेमून दिलेल्या पूरक शाळेतून (जिथली मुलं पुढे तिच्याकडे येतात) जो आला, तोही शून्य. थोडा बाहेरचा असेल तर पहिली पायरी, पूर्ण बाहेरचा असेल तर दुसरी. पहिल्या पायरीच्या प्रत्येक मुलामागे पटात एकाची भर पडते. दुसऱ्या पायरीच्या मुलामागे त्या खेळाचा गुणक धरतात. फुटबॉलचा संघच मोठा असल्याने इथला गुणक बास्केटबॉल किंवा सॉकरपेक्षा लहान आहे.

समजा एका शाळेत मूळ पट ४०० आहे. संघात साठ मुलं, त्यांतली वीस पहिल्या पायरीवर, पंधरा दुसऱ्या पायरीवर, आणि गुणक दोन. मग ४०० अधिक २० अधिक ३०, म्हणजे ४५०. ही शाळा आता ४५० ची समजली जाईल. ती सीमेवर असेल तर वरच्या गटात जाईल, नसेल तर तिथेच राहील. मूळ पट दोन वर्षं तोच राहतो, पण ही भर दर वर्षी नव्याने मोजतात.

आमच्या शाळेत ही नोंद करायला मदत लागली तेव्हा मी काही संध्याकाळी बसलो होतो. कोणता मुलगा सहावीनंतर आला, कोणाचे आईवडील वेगळे झाल्यामुळे पत्ता बदलला, कोण आजीकडे राहतो. आकड्यांचा तक्ता भरता भरता मुलांची घरं कळत गेली. त्यानंतर ‘बाहेरून आणलेला खेळाडू’ हा शब्द मी सहज वापरत नाही.

सरळ खासगी शाळांची वेगळी स्पर्धा का घेत नाहीत?

काही राज्यं घेतात. न्यू जर्सीत फुटबॉलचे सरकारी आणि खासगी प्लेऑफ वेगळे आहेत. टेक्ससमध्ये खासगी शाळांची बहुतेक स्वतंत्र संघटनाच आहे. सरकारी शाळांच्या संघटनेत फक्त डॅलस आणि ह्यूस्टनच्या दोन जेझुइट शाळा खेळतात. टेनेसीने १९९७ मध्ये, खेळाडूंना फीमध्ये सवलत देणाऱ्या खासगी शाळा वेगळ्या गटात टाकल्या.

टेनेसीचंच एक प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ब्रेंटवुड अ‍ॅकॅडमी या खासगी शाळेच्या प्रशिक्षकाने आठवीतल्या, प्रवेश घेतलेल्या मुलांना पत्र पाठवून वसंतातल्या सरावाला बोलावलं. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने ते खेळाडू ओढणं मानून शाळेला दंड केला. २००१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की अशी क्रीडा संघटना नावाला खासगी असली तरी तिची कृती ही सरकारचीच कृती समजली जाईल. २००७ मध्ये तोच खटला परत आला आणि या वेळी निकाल संघटनेच्या बाजूने लागला. मुलांना खेळासाठी ओढण्यावर बंदी घालण्याचा तिचा हक्क मान्य झाला. आठवीतल्या मुलांना धाडलेल्या एका पत्रावरून दहा वर्षं खटला चालला!

वेगळी स्पर्धा मला पटत नाही. शंभर मुलग्यांची गावातली कॅथलिक शाळा आणि शहरातली हजाराची शाळा दोन्ही खासगीच, पण त्यांना एका पंगतीला बसवणं हा पहिल्यापेक्षा मोठा अन्याय होईल. आणि सेंट इग्नेशियसशिवाय ओहायोचं राज्यविजेतेपद म्हणजे अर्धंच जेतेपद, असं माझ्या मुलाच्या पब्लिक शाळेतल्या प्रशिक्षकांनाही वाटायचं.

इतर राज्यांत काय उपाय आहेत?

एक उपाय सरसकट गुणकाचा. इलिनॉयने २००५ मध्ये हद्द नसलेल्या शाळांचा पट १.६५ ने गुणायला सुरुवात केली. अलाबामात १.३५ चा गुणक त्याच्याही आधीपासून होता. जॉर्जियाने २०२२ च्या फेररचनेत हद्दीबाहेरून येणारा विद्यार्थी तिप्पट धरला. तिथे निदान सरकारी शाळांकडे येणारी बाहेरची मुलंही त्यात धरली होती. सरसकट गुणक सोपा आहे, पण तो चांगल्या-वाईट सगळ्या खासगी शाळांना एकाच मापाने झोडपतो. जिचा संघ वर्षाला दोन सामने जिंकतो, तीही वर ढकलली जाते.

दुसरा उपाय इंडियानाचा. शाळा खासगी की सरकारी हे विचारायचंच नाही, निकाल बघायचा. तिथल्या २०१२ च्या नियमात स्पर्धेतल्या प्रत्येक टप्प्याला गुण आहेत : सेक्शनल, म्हणजे पहिला टप्पा, जिंकलं तर एक, राज्यविजेतेपदाला चार. दोन वर्षांत सहा गुण झाले की पुढच्या दोन वर्षांसाठी तुम्ही वरच्या गटात. इंडियानापोलिसची कॅथेड्रल अशीच वर चढली. मला खटकतं ते इतकंच की जिंकून जातात बारावीची मुलं आणि वरच्या गटातला मार खातात त्यांच्या मागून आलेली दहावीची.

दक्षिण कॅलिफोर्नियाने पटच जवळपास सोडून दिला. तिथे साडेपाचशेच्या वर शाळांचा एक विभाग आहे आणि संघाची ताकद संगणकाने मोजून गट करतात. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग हा वजनी गट नाही, ही जत्रेतली कुस्ती.” बरोबर. जत्रेत पंच दोन पैलवानांकडे बघून जोड लावतो, वजनकाटा आणत नाही. त्याने सामने चुरशीचे होतात हे खरं. पण सर्वात वरचा गट तरी खुला झाला का? २०१६ ते २०२४ मध्ये तिथलं डिव्हिजन एकचं प्रत्येक जेतेपद मेटर डी किंवा सेंट जॉन बॉस्को या दोन कॅथलिक शाळांपैकी एकीकडेच गेलं. आणि खालच्या गटातला विजेता म्हणजे नक्की कशाचा विजेता, हे पोरांना समजावून सांगणं अवघड होतं. ‘आमच्याएवढ्या शाळांमध्ये आम्ही पहिले’ हे वाक्य सहावीतल्या मुलालाही कळतं.

अगदीच छोट्या शाळांचं काय?

टेक्ससकडे त्याचं सुंदर उत्तर आहे. शंभरेक विद्यार्थ्यांच्या शाळा तिथे सहा-सहा खेळाडूंचं फुटबॉल खेळतात. मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद. मध्यंतराला किंवा त्यानंतर पंचेचाळीस गुणांचा फरक असला की सामना संपतो. १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, नेब्रास्कात हा प्रकार सुरू झाला. नुसते गट पाडून जमत नाही तेव्हा खेळच मुलांच्या संख्येला बेतायचा, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

ओहायोच्या सूत्राने फरक पडला का?

थोडा. अपेक्षेपेक्षा कमी, असं माझं मत. काही शाळा एक डिव्हिजन वर गेल्या, आणि त्यांच्यामुळे सीमेवरच्या काही बिचाऱ्या सरकारी शाळा खाली आल्या. पण ज्यांचं वर्चस्व मोडायचं होतं, त्यांचं फारसं मोडलं नाही.

मॅसिलनचं उदाहरण घ्या. कँटनजवळचं पोलाद कारखान्यांचं हे गाव. इथे मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात. वृत्तसंस्थांच्या मतदानाच्या काळात त्यांनी कित्येक जेतेपदं मिळवली, पण प्लेऑफ सुरू झाल्यावर कित्येक वर्षं एकही नाही. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं ते डिव्हिजन दोनच्या अंतिम सामन्यात पोचले आणि तिन्ही वेळा कॅथलिक शाळांकडून हरले : होबन, ला सॅल, पुन्हा होबन. नवीन सूत्र तेव्हा लागू होतंच. शेवटी २०२३ मध्ये त्यांनी त्याच होबनला ७–२ ने हरवलं. एक्कावन्न वर्षांनी. सूत्राने त्यांना ते दिलं नाही, त्यांच्या बचावफळीने दिलं.

आणि दुसरं टोक म्हणजे मॅरियन लोकल. मर्सर काउंटीतली, मक्याच्या शेतांमधली छोटी सरकारी शाळा. मुलं तिथलीच, आईबापही तिथेच शिकलेले. पायऱ्यांच्या हिशोबात त्यांची भर नगण्य. आणि २०२४ पर्यंत राज्यविजेतेपदं पंधरा, ओहायोत इतरांपेक्षा जास्त. तिसरीतल्या मुलापासून सगळे एकाच पद्धतीचा खेळ शिकतात, उन्हाळ्यात पहाटे वजनं उचलतात. त्यांच्या गटातले पालकही चिडतात. पण हा समतोल बिघडला म्हणायचा, की त्यांनी तो कष्टाने कमावला म्हणायचा? मला दुसरं वाटतं, आणि म्हणूनच इंडियानाचा यशाचा दंड मला नको वाटतो.

आता प्लेऑफमध्ये कमी संघ का?

२०२१ पासून प्रत्येक रीजनमधून, म्हणजे डिव्हिजनच्या प्रत्येक प्रादेशिक भागातून, सोळा संघ जायचे. २०२५ पासून बारा, आणि पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत विश्रांती. सोळाव्या क्रमांकाच्या संघाला पहिल्या क्रमांकाच्या संघापुढे उभं करण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही एकदा असेच आत गेलो. मध्यंतरालाच निकाल लागला होता, आणि माझा मुलगा बसमध्ये गुडघ्यावर बर्फ धरून गप्प बसला होता. बारा बरे.

चांगल्या संघासाठी मुलाची शाळा बदलावी का?

निव्वळ त्यासाठी नको. पालकांनी खरोखर घर बदललं, तर तो अपवाद मान्य होतो. पण घर तिथेच ठेवून मुलाने शाळा बदलली, तर साधारणपणे त्याला मोसमाचा उत्तरार्ध आणि प्लेऑफ बाहेर बसून काढावे लागतात. भाड्याचा पत्ता दाखवून हे टाळू पाहणारे पालक मी पाहिले आहेत. पकडलं गेलं की नुसता मुलगा अपात्र ठरत नाही, तो खेळलेले सामनेही संघाच्या हातून जाऊ शकतात. खरंच स्थलांतर करणार असाल तर घराची कागदपत्रं सह्या होताच नव्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडे (क्रीडाप्रमुखाकडे) द्या आणि त्यांच्याकडून पात्रता लेखी घ्या. पहिल्या सरावाच्या आधी.